डेकची फळी टिकेल हो, पण खालच्या मातीचं काय?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या घर-बाग पुरवणीत कॉम्पोझिट डेकवरचा, म्हणजे घराबाहेर बसाउठायला केलेल्या फळ्यांच्या ओट्यावरचा लेख वाचला. फोटो एक नंबर, माहितीही बरीचशी बरोबर, पण वाचून झाल्यावर माझी चिडचिड झाली ती झालीच, म्हणून हे पत्र. लेखाचा एकूण सूर असा की एकदा डेक टाकला की संपलं, पॉलिश नको, वार्निश नको, वाळवीची भीती नको, आठवड्याला झाडू मारा आणि वर्षातून एकदा साबणाच्या पाण्याने धुवा, पंचवीस वर्षं बघायला नको. आता हे फळीपुरतं म्हणाल तर मान्य. पण डेक म्हणजे नुसती फळी नाही ना. आणि जिथे ऊन सणसणीत आहे आणि जमीन चिकणमातीची आहे, तिथे डेक बिघडतो तो बहुतेक वेळा खालून बिघडतो, वरची फळी बिचारी अगदी चकचकीत असते आणि सगळा डेक मात्र एका कोपऱ्यात उचललेला, पायरी भिंतीपासून सुटलेली, रेलिंग तिरकं. मी फळ्या विकत नाही, फ्रेमा आणि शेड उभारायच्या लाइनमधला माणूस आहे, त्यामुळे माझी नजर आधी खालीच जाते, हे आधीच सांगून टाकतो.

आधी फळीबद्दल थोडक्यात, कारण लेखात ते जरा गुळगुळीत करून सांगितलंय. कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा बारीक भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली पट्टी. साधारण निम्मं किंवा थोडं जास्त लाकूड, बाकी पॉलिएथिलीन, कुठे पॉलिप्रॉपिलीन, कुठे पीव्हीसी. १९९० च्या दशकात अमेरिकेत हा माल बाजारात जोरात आला तेव्हा वर कसलंही आवरण नसायचं, पृष्ठभागावरचा भुसा पाणी प्यायचा, बुरशीचे काळे ठिपके यायचे, रंग विटायचा, आणि त्यामुळे या मालाचं नाव बरंच खराब झालं. नंतर वर प्लास्टिकचं जाड आवरण घातलेली, म्हणजे कॅप्ड फळी आली आणि २०१० नंतर तीच मुख्य झाली. विकत घेताना एकच बघा, आवरण तीन बाजूंनी आहे की चारही. तीन बाजूंच्या फळीचं पोट उघडं असतं, आणि जमिनीलगतच्या डेकमध्ये ओलावा नेमका पोटाकडूनच येतो. कापलेलं टोक तर दोन्हींचं उघडंच राहतं. बस, फळीबद्दल एवढं पुरे, बाकीचं विकणारा सांगतोच, न विचारता सांगतो.

आता माती. काळी चिकणमाती ज्यांनी पाहिलीय त्यांना काही समजवायला नको, उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच भेगा गायब. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत, पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की चळत फुगते, पाणी गेलं की बसते. अशी माती दख्खनच्या पठारावर आहे, टेक्सासात आहे, ऑस्ट्रेलियात आहे, सुदानात आहे, आणि सगळीकडे ती सारखीच वागते. वरच्या थरात ही हालचाल सगळ्यात जास्त, खाली जावं तशी कमी, आणि साधारण तीन-साडेतीन मीटर खाली गेलं की ओलावा वर्षभर जवळजवळ सारखाच राहतो म्हणून मातीही गप्प बसते. कुठे ही खोली कमी, कुठे जास्त. पण डेकसाठी आपण खड्डा किती घेतो? दीड-दोन फूट. म्हणजे मातीच्या सगळ्यात चंचल थरात आपण फुटिंग, म्हणजे खांबाखालचा काँक्रीटचा पाया, ठेवतो आणि वर म्हणतो पंचवीस वर्षं बघायला नको.

इथे लोक एक हमखास म्हणतात, की अहो डेकचं वजन ते केवढं, त्याला कशाला एवढा पाया लागतोय. बरोबर उलटं आहे. बैठा डेक हलका असतो हीच तर त्याची अडचण. घराच्या भाराखाली माती थोडी तरी दबून राहते, डेकला ती सहज उचलून टाकते. साधा हिशोब करा. एका फुटिंगच्या वाट्याला समजा चार चौरस मीटर डेक येतो, फळ्या आणि फ्रेम धरून चौरस मीटरला पन्नास किलो धरले तर झाले दोनशे किलो. फुटिंगचा तळ एक फूट बाय एक फूट, म्हणजे ०.०९ चौरस मीटर. फुगणाऱ्या मातीचा वर ढकलायचा दाब चौरस मीटरला दहा टन धरला, आणि हा आकडा अशा मातीसाठी काही भयंकर मोठा नाही, तर त्या एवढ्याशा तळावर नऊशे किलोचा रेटा येतो. खालून नऊशे, वरून दोनशे. चार पाहुणे उभे केले तरी काय फरक पडणार. आणि तळ मोठा केला की रेटाही त्याच प्रमाणात मोठा, म्हणजे "फुटिंग जरा रुंद घेऊ या" हा जो सल्ला साइटवर सर्रास दिला जातो तो बसणाऱ्या मातीसाठी ठीक आहे, फुगणाऱ्या मातीत उथळ खोलीवर तो काही कामाचा नाही.

बरं, माती नुसती खालून ढकलत नाही, ती खांबाला बाजूनेही धरते आणि फुगताना सोबत वर ओढते. म्हणून गवंडी लोक खड्ड्यात काँक्रीट ओततात आणि वर तोंडाशी ते पसरून टोपीसारखं रुंद होतं ना, ते फार वाईट, कारण मातीला खालून धरायला आयता काठ मिळतो. खांब सरळ हवा, बाजू गुळगुळीत हवी, वरचा भाग पीव्हीसी पाइपच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळीच्या साच्यात ओतला तर माती नीट चिकटत नाही. आणि तळाशी मात्र तो रुंद हवा, चंचल थराच्या खाली जाऊन. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल म्हणून जी पद्धत विकसित केली ती हीच, बोअर घ्यायचा, खाली खास अवजाराने घेर वाढवायचा, सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे तो फुगीर घेर स्थिर मातीत अडकून राहतो आणि वरची माती कितीही ओढाताण करो खांब हलत नाही. सळई पार खालपर्यंत हवी हं, कारण इथे खांब दबत नाही, ताणला जातो, आणि नुसतं काँक्रीट ताणात टिकत नाही. हल्ली लोखंडी स्क्रूसारखे हेलिकल पाइल मशिनने पिळून खाली घालतात, त्याचंही तत्त्व तेच, पकड खाली आणि वरचा दांडा बारीक. पायाच्या दोन खांबांमधे जर जमिनीलगत बीम येत असेल तर त्याच्या खाली तीन-चार इंच मोकळी जागा ठेवायची, मातीला फुगायला तेवढी जागा दिली नाही तर ती बीम उचलणार आणि मग खांब कितीही खोल नेला तरी केलेलं सगळं वाया.

दुसरा रस्ता म्हणजे वरची माती काढून तिथे न फुगणारी पण पाणी न झिरपू देणारी माती दाबून भरणं. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी या सीएनएस, म्हणजे चिकट पण न फुगणाऱ्या (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) मातीच्या थरावर आयुष्याची वर्षं घातली, कालव्यांच्या अस्तराखाली हे वापरलं गेलं. पण हा थर साधारण मीटरभर जाडीचा लागतो आणि नीट थराथराने कुटावा लागतो, घरामागच्या एवढ्याशा डेकसाठी मीटरभर माती काढून नेणं आणि दुसरी आणणं कुणी करत नाही, मीही सांगणार नाही. चुना मिसळून माती सुधारता येते हेही खरं, वजनाच्या तीन ते आठ टक्के चुना लागतो साधारण, पण तो फावड्याने वर भुरभुरून होत नाही, माती मोकळी करून सारखा मिसळावा लागतो आणि मग पाणी घालून दाबावा लागतो. रस्त्याच्या कामाला ठीक.

मग साध्या माणसाने करायचं काय? माझं स्पष्ट मत, डेक जमिनीपासून फूटभर किंवा त्याहून कमी उंचीवर असेल आणि डोक्यावर छप्पर नसेल, तर मातीशी कुस्ती खेळूच नका, डेक तरंगता ठेवा. म्हणजे वरची झाडंमुळं असलेली माती काढून, खाली दाबलेला थर करून, त्यावर पेव्हर किंवा काँक्रीटचे ठोकळे आणि त्यावर स्क्रूने वरखाली होणारे पेडेस्टल, म्हणजे छोटे पाय, आणि त्यावर फ्रेम. माती हलणार, डेक सोबत थोडा हलणार, आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, खाली हात घालून दोन-चार पेडेस्टल फिरवले की परत लेव्हल. पण त्यासाठी दोन गोष्टी पाहिजेत. एक, खाली हात जायला वाट पाहिजे, म्हणजे चार-पाच फळ्या अशा बसवायच्या की क्लिप न तोडता काढता येतील, लोक हे विसरतात आणि मग लेव्हल करायला अख्खा डेक उचकटतात. दोन, हा डेक घराच्या भिंतीला बोल्ट करायचा नाही. अजिबात नाही. घर खोल पायावर, डेक मातीवर, दोघांची हालचाल वेगळी, मधे पट्टी बोल्टने आवळली की एक तर बोल्ट उपटतो किंवा फ्रेम पिळवटते. भिंत आणि डेक यांच्यात बोटभर फट ठेवा, दिसायला वाईट वाटत असेल तर वरून एका बाजूनेच बसवलेली झाकणपट्टी द्या. उलट डेक उंच असेल, रेलिंग असेल, जिना असेल, तर तरंगता चालणार नाही, मग खोल खांबच, आणि इंजिनिअरकडून डिझाइन करूनच, तिथे मिस्त्रीच्या अंदाजावर जाऊ नका. आणि एकाच डेकला अर्धे खांब खोल आणि अर्धे उथळ असलं काही करू नका, खर्च वाचवायला हे होताना बघितलंय, त्यापेक्षा सगळे उथळ परवडले, निदान एकत्र तरी हलतील.

पाण्याचं सांगतो कारण सगळं मूळ तिथे आहे. माती सगळीकडे सारखी फुगली तर डेक वर जातो आणि खाली येतो, कुणाला कळतही नाही. त्रास होतो तो एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी असली की. म्हणजे गच्चीचा पाइप डेकच्या एका कोपऱ्यात सुटलाय, किंवा एका कडेला लॉन आहे ज्याला रोज पाणी आणि दुसरी कडा कोरडीठाक, किंवा जवळ मोठं झाड आहे जे उन्हाळ्यात तिथलं पाणी ओढून घेतं. झाडाच्या बाबतीत ढोबळ नियम असा की झाड जेवढं उंच होणार साधारण तेवढं अंतर सोडावं, नेहमी जमत नाही, पण निदान डेक झाल्यावर कडेला नवीन तहानलेलं झाड तरी लावू नका. पाइपचं पाणी नळीने लांब न्या, डेकखालची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. आणि एक गोष्ट बऱ्याच जाणत्या लोकांकडूनही होते, डेकखाली फूटभर खड्डा खणून खडी भरतात, पाणी मुरावं म्हणून. अरे पण चिकणमातीत पाणी मुरतंय कुठे? तो खडीने भरलेला हौद झाला, चारही बाजूंचं पाणी त्यात गोळा होणार आणि तिथेच बसून खालच्या मातीला आठवडाभर पाजत राहणार. खडी टाकायची तर उतार दिलेल्या, कुटलेल्या मातीवर टाका, मधे जिओटेक्स्टाइलचं कापड घाला म्हणजे खडी चिखलात बुडत नाही, आणि खालच्या टोकाला पाणी बाहेर पडायला वाट द्या.

आपली माती फुगणारी आहे की नुसती चिकट, हे कळायला फार मोठी लॅब लागत नाही. फ्री स्वेल म्हणून एक साधी टेस्ट आहे. वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून काढलेली माती दहा-दहा ग्रॅम मोजून दोन काचेच्या मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, एकात रॉकेल, ढवळून हवा काढायची आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींच्या आकारमानातला फरक रॉकेलातल्या आकारमानाच्या किती टक्के आहे ते बघायचं. पन्नास टक्क्यांच्या पुढे गेला तर सावध व्हा, शंभराच्या पुढे गेला तर मी वर जे काय लिहिलंय ते सगळं तुम्हाला लागू. घरी केलं तर आकडा अगदी काटेकोर येणार नाही, पण डेकचा निर्णय घ्यायला पुरतो, मोठं काम असेल तर लॅबमधून करून घ्या. नमुना मात्र वरचा घेऊ नका, जिथे फुटिंगचा तळ येणार तिथला घ्या.

आता उन्हाकडे येतो, कारण लेखात त्यावर जेमतेम दोन ओळी होत्या, "फळ्यांमध्ये योग्य अंतर ठेवावे" वगैरे. योग्य म्हणजे किती ते कोण सांगणार? लाकूड लांबीच्या दिशेने उष्णतेने फारसं वाढत नाही, कॉम्पोझिट त्याच्या कितीतरी पट वाढतं, कारण त्यात प्लास्टिक आहे. ३.६ मीटरची फळी धरा, पहाटे २० अंश आणि दुपारी उन्हात ६० अंश सेल्सिअस, म्हणजे ४० अंशांचा फरक, तर ती पाच-सहा मिमी लांब होते, कंपनीगणिक थोडं कमीजास्त. खालचा लोखंडी फ्रेम सावलीत असतो, लोखंड मुळात कमी वाढतं, तो तेवढ्यात जेमतेम अर्धा-एक मिमी हलतो. म्हणजे रोज, वर्षाचे सगळे दिवस, फळी फ्रेमवर सरकणार. सरकायला दिली नाही तर ती फुगून वर येते, नाहीतर स्क्रू कातरतो. म्हणून खाचेतल्या क्लिपा वापरायच्या आणि फळी एकाच जागी, मधोमध, पक्की करायची, बाकी दोन्हीकडे सरकू द्यायची. दोन फळ्यांची टोकं जिथे भेटतात तिथे खाली एकाच पट्टीवर दोघांना कोंबायचं नाही, जोडपट्टी द्यायची, प्रत्येक टोकाला आपापला आधार.

टोकातली फट किती हे ठरतं त्या क्षणी फळीचं तापमान काय आहे त्यावर, आणि कंपनीच्या कागदात त्याचा तक्ता असतो, तो मिस्त्रीला दाखवा. थंड सकाळी बसवताय तर फट मोठी, कारण फळी अजून वाढणार आहे. भर दुपारी तापलेली बसवताय तर फट कमी, ती पुढे आपोआप उघडणार आहे. काम सकाळी सुरू होऊन दुपारी संपत असेल तर एकाच डेकच्या दोन टोकांना दोन वेगळ्या फटी येणार, म्हणून फळ्या सावलीत ठेवा, सावलीत मोजा, सावलीत कापा. उन्हात पडलेली फळी मापून कापली आणि संध्याकाळी बसवली की ती आखूड झालेली असते आणि मग सुताराला शिव्या पडतात, ज्यात त्याची काही चूक नसते. शेजारशेजारच्या फळ्यांमधे मात्र पाच-सहा मिमी तरी फट असू द्या, पाणी आणि पानं खाली जायला.

पॉलिएथिलीन तापलं की त्याचा ताठपणा उतरतो, हेही कुणी सांगत नाही. त्यामुळे थंड प्रदेशासाठी छापलेलं "४०० मिमीवर एक आधार" हे माप कडक उन्हात कमी पडतं, फळी दोन आधारांच्या मधे हळूहळू झोल घेते आणि तो झोल परत जात नाही. मी तरी ३०० मिमी धरतो. फळ्या तिरक्या टाकल्या तर ३०० च्या आतच, पायऱ्यांना त्याहून कमी. फ्रेमचे दोन-चार पाइप जास्त लागतील, लागू देत. आणि कॉम्पोझिटची फळी ही फक्त चालायची फळी आहे, तिचे खांब, बीम, आडव्या पट्ट्या करायच्या नाहीत, उरलेल्या तुकड्यांतून पायरीचा सांगाडा केलेला बघितलाय म्हणून लिहितोय.

आणि पाय भाजतात हो! गडद चॉकलेटी किंवा राखाडी फळी भर उन्हात हवेपेक्षा वीस-तीस अंश जास्त तापू शकते, म्हणजे चाळीशीच्या उन्हाळ्यात फळी साठ-सत्तरला. साठ अंशाला अनवाणी पाय काही सेकंदांत भाजू शकतो, लहान मूल आणि कुत्रा यांना तर बोलताही येत नाही. पुरवणीतल्या फोटोत सगळे डेक गडद रंगाचे होते, दिसतात छान, नाही म्हणत नाही. उष्ण भागात फिकट रंग घ्या, नमुन्याचा तुकडा एक दिवस अंगणात दुपारी ठेवून त्यावर तळहात ठेवून बघा, कॅटलॉगपेक्षा ते जास्त कळतं. सावली करायची असेल तर पर्गोला किंवा शेड नेटचे खांब डेकच्या फ्रेमवर ठोकू नका, वाऱ्यात ते कापड शिडासारखं ओढतं, त्याला स्वतःचा वेगळा पाया हवा, आणि तो याच मातीत, म्हणजे वरचं सगळं परत लागू. अजून एक, ऊर्जा वाचवणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्या कधीकधी थोड्या आत वाकतात आणि ऊन एका जागी गोळा करून परत फेकतात, त्या पट्ट्यात प्लास्टिकचा माल अक्षरशः वाकतो, डेकची फळीसुद्धा. ठराविक वेळी डेकवर एकच प्रखर पट्टा पडताना दिसला तर तिथे झाड नाहीतर पडदा द्या. रबराच्या पाठीची पायपुसणी डेकवर कायमची टाकून ठेवू नका, खाली डाग पडतो आणि तो घासून जात नाही.

फ्रेमचं बोलल्याशिवाय राहवत नाही कारण तो माझा धंदा. लो-मेन्टेनन्स डेकमधला सगळा मेन्टेनन्स फ्रेममधे जाऊन बसतो, आणि फ्रेम दिसत नाही. साधा काळा बॉक्स पाइप, वर रेड ऑक्साइडचा एक हात, आणि त्यावर पंचवीस वर्षांची फळी, हा कुठला हिशोब? चिकणमातीचा ओलावा खालून महिनोन्महिने वर येत राहतो, डेकखाली वारा नाही, पाइप आतून गंजतो. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला घ्या, आणि जिथे वेल्डिंग केलं तिथलं जस्त जळून जातं म्हणून तेवढी जागा घासून झिंक रिच पेंट मारा, प्रत्येक जोडाला, चुकवू नका. शक्य असेल तर वेल्डिंगऐवजी बोल्ट, म्हणजे माती हलल्यावर उघडून नीटही करता येतं. पाइपची टोकं झाकणाने बंद करा. लाकडी फ्रेम असेल तर प्रेशर ट्रीटेड, म्हणजे दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड, वरच्या कडेला ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकटपट्टी, कारण स्क्रूच्या भोकातूनच पाणी आत जातं, आणि वाळवी फळीला सोडून लाकडी फ्रेमकडे वळते हे लक्षात ठेवा. स्क्रू स्टेनलेसचे. आणि डेकच्या कडा चारी बाजूंनी पट्ट्या मारून बंद करू नका, खालून वारा वाहिला पाहिजे, बऱ्याच कंपन्यांची वॉरंटीसुद्धा वायुवीजन नसेल तर मिळत नाही.

वॉरंटीचा विषय निघालाच आहे तर, "पंचवीस वर्षं" हे जे मोठ्या अक्षरात छापतात त्याचा बारीक अक्षरातला कागद मागून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी वाचा. त्यात सहसा फळी कुजणं, तडकणं, वाळवी, आणि कॅप्ड असेल तर ठराविक मर्यादेपलीकडे रंग उडणं आणि डाग, एवढं येतं. चुकीची बसवणी येत नाही. फ्रेमचा दोष येत नाही. आणि जमीन खचणं, सरकणं, किंवा खालचा आधार हलणं हे बहुतेक वॉरंट्यांमध्ये स्पष्ट शब्दांत वगळलेलं असतं. म्हणजे फुगणाऱ्या मातीत जे होणार आहे नेमकं तेवढंच कंपनीने बाजूला ठेवलंय, आणि त्यात त्यांची काही लबाडी आहे असंही मी म्हणत नाही, फळी बनवणारा तुमच्या मातीची हमी का देईल? पण विकणारा माणूस हे तोंडाने सांगत नाही, आणि पुरवणीत लिहिणाऱ्यानेही सांगितलं नाही, हे मला खटकलं. मजुरी वॉरंटीत असते का हेही विचारा, बऱ्याचदा नुसती बदली फळी मिळते, काढायचा आणि बसवायचा खर्च आपला.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की मग डेक करूच नये का. करा की. मला स्वतःला कॉम्पोझिट आवडतं, उन्हापावसात लाकूड दरवर्षी तेल पाजत बसण्यापेक्षा हे बरं, आणि जुनी कुरकुरणारी, फुसकन पाय आत जाणारी फळी ज्यांनी अनुभवलीय त्यांना पटेल. फक्त बजेट करताना आधी माती, मग पाणी, मग फ्रेम आणि उरलेल्यात फळी असा क्रम लावा. पैसे कमी पडले तर फळी साधी घ्या, डेक लहान करा, पाया लहान करू नका.

तुमच्या पुरवणीकडे एकच मागणं. पुढच्या भागात डेक धुवायची पद्धत छापणार असं खाली लिहिलंय, ती छापा, पण त्याआधी एका इंजिनिअरकडून चिकणमातीतल्या पायाचा आडवा छेद काढून घेऊन मापांसकट छापा, तरंगत्या डेकचा एक आणि खोल खांबाचा एक, शेजारी शेजारी. लोक ते कापून ठेवतील आणि मिस्त्रीच्या हातात देतील.

आपला,
एक नियमित वाचक